चार्ल्सटन बघायला जाताय? मग गाईड कुणाचा घ्यायचा, ते आधी ठरवा

खारेपाटची_लेक

मागच्या आठवड्यात साउथ कॅरोलायनातलं चार्ल्सटन बघून आलो. मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि अलिबागहून आलेली माझी आई. चार दिवसांत चार गाईड ऐकले आणि अक्षरशः दोन वेगळी गावं बघितली असं वाटलं. जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून धागा काढतेय. जरा लांबेल.

पहिल्या दिवशी घोडागाडी घेतली. तासाभराची फेरी असते. कुठल्या भागात जायचं ते आपण ठरवत नाही आणि गाडीवानही ठरवत नाही. गाडी निघाली की पालिकेच्या चौकीपाशी थांबते, तिथल्या लॉटरीच्या यंत्रातून चेंडू पडतो आणि चेंडूवर येईल त्या भागात जायचं. सगळ्या गाड्या एकाच गल्लीत घुसू नयेत म्हणून ही सोय. आम्हाला दक्षिण टोकाचा भाग मिळाला, म्हणजे बॅटरी नावाचा समुद्रकाठ, तिथले मोठे वाडे, ईस्ट बे स्ट्रीटवरची रेनबो रोची १३ रंगीत घरं.

गाईड मुलगा चांगला होता. घरांबद्दल त्याने फार छान सांगितलं. इथल्या जुन्या घराची रुंदी एका खोलीएवढीच असते. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांब पडवी बाजूला, दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे तोंड करून, वारा घेण्यासाठी. रस्त्यावरचं दार उघडलं की आपण घरात जात नाही, पडवीत जातो. भिंतींवर जागोजागी लोखंडी चकत्या दिसतात. ३१ ऑगस्ट १८८६ च्या मोठ्या भूकंपानंतर भिंती आवळून धरायला आरपार सळया घातल्या, त्यांची ती टोकं. आईला हे सगळं मनापासून आवडलं. पडवी म्हटल्यावर तिला घरच आठवलं.

मग एका वाड्यामागची लहान बैठी बांधकामं दाखवून तो म्हणाला, इथे नोकर राहायचे. आईने मला विचारलं, "एवढ्या मोठ्या घरात नोकरांना पगार काय असेल गं तेव्हा?" मी तिचा प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत त्याला विचारला. तो क्षणभर थांबला, म्हणाला, "ते गुलाम होते, मॅडम," आणि पुढच्या घराकडे वळला. उरलेल्या फेरीत हा विषय परत निघाला नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका मुलाचा नाही. त्याला जसं शिकवलं असेल तसं तो सांगत होता. पण आई संध्याकाळभर गप्प होती. रात्री म्हणाली, "मग आपण आज काय बघितलं?"

दुसऱ्या दिवशीचं बुकिंग त्या रात्रीच बदललं. गला लोकांचा इतिहास सांगणारी बसची सहल घेतली. गला म्हणजे या किनाऱ्यावरच्या भातशेतीत आणि कापसात राबवलेल्या आफ्रिकी माणसांचे वंशज. त्यांची स्वतःची बोली आहे, इंग्रजी आणि पश्चिम आफ्रिकेतल्या भाषा मिसळून झालेली. आमचे गाईड साठीच्या पुढचे, त्याच समाजातले. सुरुवातीची पाच मिनिटं ते फक्त गलामध्ये बोलले. काहीच कळलं नाही, पण चाल ऐकून बस एकदम शांत झाली.

त्यांनीही त्याच गल्ल्या दाखवल्या. पण एका जुन्या विटेच्या भिंतीपाशी बस थांबवून म्हणाले, खाली उतरा आणि विटांना हात लावून बघा. एका विटेत चार बोटांचे खळगे होते. ओली वीट साच्यातून काढून वाळायला ठेवताना उमटलेले. हे काम बरेचदा लहान मुलांना लावत. माझ्या लेकीने बोटं त्यात ठेवून पाहिली. तिची मावली नाहीत.

आदल्या दिवशी ज्या लोखंडी फाटकांचे आम्ही फोटो काढले होते त्यांतली कितीतरी फिलिप सिमन्स या कृष्णवर्णीय लोहाराने घडवलेली, हेही तिथेच कळलं. १९१२ ते २००९ एवढं आयुष्य, आणि शहरात त्यांच्या हातची पाचशेहून जास्त कामं. त्यांचं साधं घर आणि भाता असलेली जागा बघता येते.

लेकीला सगळ्यात आवडली ती रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी रात्री गावात गेलेले असताना, या तेवीस वर्षांच्या गुलाम सुकाणूवाल्याने 'प्लँटर' नावाची (अमेरिकन यादवीत गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या) दक्षिणेच्या सैन्याची आगबोट धक्क्यावरून सोडली. वाटेत बायकामुलांना घेतलं. एकूण सोळा माणसं. कप्तानाची हॅट घालून, किल्ल्यांसमोरून जाताना ठरलेल्या शिट्ट्यांच्या खुणा देत तो फोर्ट समटरच्या पुढे गेला आणि मग पांढरं निशाण लावून उत्तरेच्या नौदलाला जाऊन मिळाला. पुढे तो पाच वेळा अमेरिकन संसदेत निवडून गेला. जिथे गुलाम म्हणून जन्मला होता, ब्यूफर्टमधलं मालकाचं ते घर त्याने विकत घेतलं. ती बोट जिथून सुटली तिथून आदल्या दिवशी आमची घोडागाडी अगदी जवळून गेली होती.

माझं म्हणणं एवढंच. दोन्ही सहली घ्या हवं तर, पण पहिली कुणाची ते विचार करून ठरवा. बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

कऱ्हाकाठ

खूप छान धागा. आईंचा प्रश्न वाचून थांबलो.

एक भर घालतो. पूर्वी तिथे पैसे घेऊन गाईडचं काम करायला पालिकेचा परवाना लागायचा. जवळजवळ पाचशे पानांचं पुस्तक अभ्यासून लेखी परीक्षा द्यायची. काही जणांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि २०१८ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी ती अट भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध ठरवून रद्द केली. २०२० मध्ये अपिलातही तोच निकाल राहिला. म्हणजे आता कुणीही गाईड होऊ शकतो. याला दोन बाजू आहेत. परीक्षेच्या पुस्तकात जे नव्हतं ते सांगणाऱ्यांनाही वाट मोकळी झाली, आणि वाट्टेल ते सांगणाऱ्यांनाही. त्यामुळे निवड करायची जबाबदारी आपल्यावर आली. मी स्वतः बुकिंग करण्याआधी ईमेलवर एकच विचारतो, तुमच्या फेरीत गुलामगिरीबद्दल कुठे आणि किती वेळ बोलता? उत्तरावरून सगळं कळतं.

सुट्टीतली_सर

माझं थोडं वेगळं मत आहे, राग मानू नका. आम्ही दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला गेलो होतो. घोडागाडी केली, घरं बघितली, बागा बघितल्या, खूप समाधानाने परतलो. वर्षातून आठ दिवस सुट्टी मिळते. त्यातही प्रत्येक ठिकाणी दुःखच बघायचं का? आपण वेरूळ बघताना छिन्नी कुणी चालवली, त्याला काय मिळालं, असं विचारत बसतो का? सौंदर्याचं कौतुक करण्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

खारेपाटची_लेक

@सुट्टीतली_सर, राग अजिबात नाही. घरं सुंदर आहेत आणि मीही तोंड भरून कौतुक केलं. पण वेरूळची गोष्ट हजार-बाराशे वर्षांपूर्वीची. इथे १८६५ पर्यंत माणसं विकत होते. त्यांची पणतवंडं आज त्याच रस्त्यावर बस चालवतात, टोपल्या विणतात. त्यांच्यासमोर त्यांच्या पणजोबांना 'नोकर' म्हणणं मला सोसलं नाही. आणि खरं सांगू, दुसरा दिवस दुःखाचा नव्हता. त्या काकांनी जेवढं हसवलं तेवढं पहिल्या दिवशी कुणी हसवलं नव्हतं. भूकंपाच्या सळयांपेक्षा स्मॉल्सची बोट कितीतरी जास्त रोमांचक आहे.

वेरूळला तो प्रश्न विचारायला हवा, हे मात्र तुमच्यामुळे मनात आलं.

पामेटोची_सावली

मी चार्ल्सटनच्या जवळच, माउंट प्लेझंटला, अकरा वर्षं राहते. पाहुणे आले की मीच घरची गाईड असते, म्हणून काही गोष्टी नीट करून लिहिते.

सिटी मार्केट म्हणजे गुलामांचा बाजार, असं अनेक जण समजतात आणि तिथे उभं राहून हळहळतात. तिथे माणसं विकली जात नव्हती. भाजी, मांस, मासे विकत. माणसांचे लिलाव आधी उघड्यावर, ओल्ड एक्स्चेंजच्या इमारतीच्या आसपास व्हायचे. (१७८८ मध्ये साउथ कॅरोलायनाने अमेरिकेची राज्यघटना मंजूर केली तीही याच इमारतीत. एकाच भिंतीच्या आत-बाहेर.) १८५६ मध्ये शहराने उघड्यावरची विक्री बंद केली, चांगुलपणा म्हणून नव्हे, गर्दीने रस्ता अडतो आणि परगावच्या लोकांच्या नजरेला खुपतं म्हणून. मग दलालांनी बंद आवारं बांधली. त्यांतल्या एकाचा उरलेला भाग म्हणजे चाल्मर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट संग्रहालय. लहान आहे. तासभर पुरतो, पण वाचायला खूप आहे. किमतींचे तक्ते बघून माझ्या सासूबाई खाली बसल्या होत्या.

घर आतून बघायचं तर दोन घरं एका दिवसात बघा. मीटिंग स्ट्रीटवरचं नॅथॅनियल रसेल हाउस, १८०८ चं, लखलखीत, कुठल्याही भिंतीचा आधार न घेता वर जाणारा गोल जिना. आणि एलिझाबेथ स्ट्रीटवरचं आयकेन-रेट हाउस, जे मुद्दाम रंगरंगोटी न करता जसं मिळालं तसं ठेवलंय. पोपडे आलेल्या भिंती, मागे स्वयंपाकघर, तबेला आणि वर गुलामांच्या खोल्या. तिथे कानाला लावायचं श्राव्य यंत्र मिळतं आणि फेरी मागच्या अंगणाला पुष्कळ वेळ देते. मी दर वेळी पाहुण्यांना हे घर आधी दाखवते.

शहराबाहेर मळे आहेत. तिथे लग्नं होतात, ओकच्या रांगांमध्ये फोटो काढतात. जेम्स आयलंडवरचा मॅक्लाउड मळा मात्र चुकवू नका. काउंटीच्या उद्यान विभागाकडे आहे, २०१५ पासून खुला. तिथली फेरी मालकाच्या वाड्यापासून सुरूच होत नाही, ती राबणाऱ्यांच्या बाजूने सांगितली जाते. लाकडी खोपट्यांची रांग अजून उभी आहे आणि त्यांत १९९० पर्यंत माणसं राहत होती. एकोणीसशे नव्वद!

कृष्णवर्णीयांच्या एमॅन्युएल चर्चसमोर गाईड थांबतील. डेन्मार्क व्हेसी याच मंडळीतला. लॉटरीच्या पैशातून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलेला सुतार. १८२२ मध्ये उठावाचा कट केल्याच्या आरोपावरून त्याच्यासह ३५ जणांना फाशी दिली. आणि त्याच मंडळीच्या आजच्या चर्चमध्ये १७ जून २०१५ ला प्रार्थनेला बसलेल्या नऊ जणांना एका वर्णद्वेष्ट्या तरुणाने गोळ्या घातल्या. तिथे आजही रोज माणसं प्रार्थनेला येतात. कृपा करून दारात सेल्फी काढू नका.

फोर्टातला_जुना

चार्ल्सटनचा आपल्या मुंबईशी थेट संबंध आहे, तो कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो.

१२ एप्रिल १८६१ ला पहाटे साडेचारला चार्ल्सटनच्या खाडीच्या तोंडावरच्या फोर्ट समटरवर तोफा सुरू झाल्या. ३४ तासांनी किल्ला पडला आणि यादवी पेटली. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. मग सगळ्यांच्या नजरा वळल्या मुंबईकडे. वऱ्हाड-खानदेशातला, गुजरातेतला कापूस चढत्या भावाने लिव्हरपूलला जाऊ लागला. पैसा इतका आला की बॅकबेमध्ये भराव घालायच्या कंपन्या निघाल्या, जो तो शेअर घेत सुटला. १८६५ मध्ये तिकडचं युद्ध संपल्याची बातमी आली आणि इकडे सगळं कोसळलं. तेव्हाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले. पण तेजीत त्यांनी विद्यापीठाला दिलेली देणगी टिकली. १८७८ मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर त्यांच्या आईच्या नावाचा.

मी समटरला बोटीने गेलो होतो. राष्ट्रीय उद्यान खात्याचे रेंजर तिथे माहिती देतात, अभ्यासू असतात, प्रश्नांना कंटाळत नाहीत. त्या पडक्या भिंतीवर हात ठेवल्यावर मला ओव्हलवरून दिसणारा टॉवर आठवला.

निळीचंही तेच. १७४० च्या दशकात एलायझा ल्यूकस या तरुणीच्या देखरेखीखाली गुलामांनी चार्ल्सटनजवळ निळीचं पीक यशस्वी केलं. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्रजांचं तिथलं अनुदान संपलं आणि ते निळीसाठी बंगालकडे वळले. बंगालच्या रयतेचे त्यात काय हाल झाले ते आपण शाळेत शिकलो आहोत.

तिळगूळ_२२

खाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! 😊 तिथे 'बेनी वेफर' म्हणून तिळाच्या पातळ कुरकुरीत वड्या मिळतात. बेनी म्हणजे तीळ, शब्द पश्चिम आफ्रिकेतला, गुलामांबरोबर आला. भेंडीही तशीच. आणि चवळी घातलेला भात, हॉपिन जॉन, एक जानेवारीला घरोघरी होतो. मी मुद्दाम खाऊन पाहिला. त्यात डुकराचं मांस असतं, शाकाहारी लोकांनी आधी विचारावं. लाल भात टोमॅटोतला, पश्चिम आफ्रिकेतल्या जोलोफ भाताचा भाऊ. चवळीभात खाणाऱ्या आपल्या लोकांना ही चव परकी वाटणार नाही.

मांडवीकाठ

खारेपाटची_लेक, तुमच्या आईंना भाताची शेतं दाखवलीत का? मी मूळचा गोव्यातल्या तिसवाडीचा, खाजणात (खाऱ्या पाण्याकाठच्या, बांध घातलेल्या भातजमिनीत) वाढलो. चार्ल्सटनच्या पश्चिमेला कॉ कॉ नावाचं काउंटीचं उद्यान आहे, जुन्या भातमळ्याची जमीन. बांधावरून चालता येतं. तिथे मी ट्रंक बघितली आणि हललोच नाही. ट्रंक म्हणजे बांधातून आरपार घातलेली लाकडाची लांब पेटी, दोन्ही टोकांना झडप. पूर्वी झाडाचं खोड पोखरून करत म्हणून ट्रंक. आमच्याकडची मानस!

फरक एवढाच की खाजणातली मानस खारं पाणी आत येऊ देत नाही. भरती चढली की दारं दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडतात. तिथे उलटा उपयोग. नदीचं गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. भरतीने वर चढलेलं ते गोडं पाणी झडप उघडून शेतात घ्यायचं, तण बुडवून मारायचं, ओहोटीला सोडून द्यायचं. कोणत्या नदीत, कुठपर्यंत हे जमेल याचा अंदाज चुकला तर पीक खाऱ्याने जळणार.

हे शहाणपण कुणाचं? पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बांध घालून खारवटात भात पिकवणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या होती, आणि तांदूळ पिकवणाऱ्या मुलखातली माणसं चार्ल्सटनचे व्यापारी मुद्दाम मागवत. अमेरिकेत आणलेल्या गुलामांपैकी साधारण ४० टक्के या एका बंदरातून आले असं मानतात. त्यांनी कुदळ-फावड्याने, गुडघाभर चिखलात, मलेरियात मैलोन्‌मैल बांध घातले. वाड्यांतले जिने त्या तांदळावर उभे राहिले. पुढे गुलामगिरी गेली, वादळं आली, १९११ च्या वादळानंतर व्यापारी भातशेती जवळपास संपलीच. 'कॅरोलायना गोल्ड' तांदूळ १९८० च्या दशकात काही लोकांनी पुन्हा लावला, आता दुकानात मिळतो. महाग आहे. मी एक पिशवी आणून आमच्या कोरगुट तांदळाशेजारी ठेवलीय.

खारेपाटची_लेक

@मांडवीकाठ, तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. हो, नेलं होतं तिला, तिसऱ्या दिवशी, रेंजरबरोबर. ट्रंक बघितल्याबरोबर म्हणाली, "ही तर उघाडी!" आमच्याकडे खारबंदिस्तीच्या बांधातल्या दाराला उघाडी म्हणतात. तिचे वडील बांध फुटला की रात्री-अपरात्री कंदील घेऊन जायचे. रेंजरला तिने हाताने दाखवलं, चिखलाची ढेपं कशी लावायची, बांधाच्या पायाशी आधी काय घालायचं. मी भाषांतर करत होते. तो वहीत लिहून घेत होता. मग त्याने तिला तिथला जुना खोल उखळ आणि मुसळ दाखवलं आणि गोल, सपाट, गवताची विणलेली टोपली. भात कांडून त्यात पाखडायचे. तिने विचारलं, दिवसाला किती कांडायचे? तो म्हणाला, ठरवून दिलेलं काम संपेपर्यंत, पहाटेपासून.

"आम्ही आमचं कांडत होतो," एवढंच ती म्हणाली.

डोंगरवाट

आम्ही जुलैमध्ये जायचं म्हणतोय, सासूसासरे दोघेही सत्तरीपुढचे. चालणं जमेल का? आणि नवीन आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालय लहान मुलांना झेपेल का?

पामेटोची_सावली

जुलै टाळता आला तर टाळा. दमट उन्हाने जीव नकोसा होतो, फार तापलं तर घोडागाड्याही बंद ठेवतात. मार्च-एप्रिल किंवा नोव्हेंबर उत्तम. जायचंच असेल तर सकाळी आठ-नऊची फेरी घ्या, दुपारी संग्रहालयं. ज्येष्ठांना पायी फेरीपेक्षा बस बरी, चाल्मर्स स्ट्रीटवरच्या गोट्यांवर पाय मुरगळतात. आणि मोठ्या भरतीच्या दिवशी खालचे रस्ते पाण्याखाली जातात, ऊन पडलेलं असतानाही. भरतीचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा.

संग्रहालय जून २०२३ ला उघडलं, गॅड्सडेन्स व्हार्फवर, जिथे गुलामांची जहाजं लागत त्याच जागी. इमारत खांबांवर उचलून धरलीय, जमिनीला टेकवली नाही. खालच्या बागेत फरशीवर माणसांच्या आकृत्या कोरल्यात, जहाजात दाटीने झोपवलेल्या, आणि त्यांच्यावरून पाणी येतं-जातं. माझा मुलगा नऊ वर्षांचा होता तेव्हा नेलं. त्याने प्रश्न विचारले, रात्री झोपला नीट. आधी घरी बोलून न्या.

वरच्या मजल्यावर घराण्याचा शोध घ्यायला मदत करणारं केंद्र आहे. तिथे एक बाई आजोबांच्या आजीला शोधत होत्या. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या जनगणनेत मालकाचं नाव असतं, त्याच्याखाली फक्त वय, लिंग, रंग. माणसाचं नाव लिहिलेलं मिळतं ते १८७० पासून. त्या बाई १८७० च्या पानावर बोट ठेवून बसल्या होत्या.

सुट्टीतली_सर

हा धागा रोज वाचतेय. आमच्या अल्बममध्ये एका वाड्याचा फोटो आहे, त्याच्या मागे ती बैठी बांधकामं दिसतात. तेव्हा मी विचारलंच नव्हतं ते काय आहे. पुढच्या वर्षी भाचीकडे अटलांटाला जायचंय, तिथून गाडीने पाच तास म्हणतात. आयकेन-रेट आणि मॅक्लाउड लिहून ठेवलंय.

तिळगूळ_२२

खारेपाटची_लेक, त्या गवताच्या टोपल्या कुठे घ्यायच्या? आईंनी घेतली का?

खारेपाटची_लेक

ब्रॉड आणि मीटिंग स्ट्रीटच्या चौकात, सेंट मायकेल चर्चपाशी, विणणाऱ्या बायका बसतात. मार्केटमध्येही मिळतात आणि माउंट प्लेझंटला हायवे १७ च्या कडेला टपऱ्या आहेत. स्वीटग्रास नावाचं गवत, मध्ये पाइनच्या सुया, पामेटो नावाच्या ताडाच्या पातीने बांधत गोल गोल चढवत जायचं. हत्यार एकच, चमच्याचा दांडा ठोकून केलेली चपटी सळई. लहान टोपलीलाही कित्येक तास लागतात. किनाऱ्यावर बंगले झाल्यामुळे गवत मिळणं अवघड झालंय. त्यामुळे घासाघीस करू नका.

आईने घेतली. तिथल्या मावशींनी तिला शेजारी बसवून घेतलं, दोन फेरे तिच्या हातून विणून घेतले. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. मी मध्ये बोलायला गेले तर आईने हातानेच थांब म्हटलं. टोपलीच्या तिसऱ्या-चौथ्या वेढ्याला पातीचा ताण जरा सैल आहे, तो आईचा. मावशींनी तो उसवला नाही. टोपली आता अलिबागला, देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे.

@डोंगरवाट, आमच्या गलावाल्या काकांची बस दिवसातून दोनदा सुटते आणि लवकर भरते. तारीख नक्की झाली की मला व्यक्तिगत निरोप करा, बुकिंग कसं केलं ते कळवते.